चौथ्याचा पहारा

१

देवानंदने माझ्याकडे अर्धे पान लिहून मागितले होते. शहागडला महामार्गाच्या कडेला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्याचा संगणक वर्ग आहे. तिथल्या फळ्याशेजारी ते पान लावायचे होते. विषय त्यानेच दिला: 'दोन दिवसांत खेळ तयार करताना आम्ही काय शिकलो.' मी लिहून दिले. त्यात तीन गोष्टी आहेत. खेळ लहान ठेवावा. पहिल्याच दिवशी तो पूर्ण खेळून पाहावा. आणि शेवट सर्वांत आधी लिहावा. तिन्ही खऱ्या आहेत.

अर्ध्या पानात जे मावले नाही ते इथे लिहितो.

बत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. पहाटे काकडा, स्नान, पूजा, दुपारी नैवेद्य, आणि जेवणानंतर घटकाभर वामकुक्षी. डाव्या कुशीवर, उजवा हात डोळ्यांवर आडवा. हा क्रम निवृत्तीनंतरही मोडला नाही. गावच्या अखंड नामसप्ताहात वीणा प्रथम गळ्यात घेण्याचा मान वीस वर्षांपासून माझा आहे. हा मान कसा मिळाला हे गावात सर्वांना ठाऊक आहे, असे गाव समजते.

यंदा, दोन हजार पाच सालच्या वैशाखात, एका शुक्रवारी बेबीनंदा माझ्या ओसरीवर आली. मी तिला पहिलीत अक्षरे गिरवायला शिकवले होते. आता ती देवानंदच्या वर्गात शिकवीत होती. औरंगाबादच्या एका महाविद्यालयाने स्पर्धा ठेवली होती: शनिवारी सकाळी दूरध्वनीवर विषय सांगणार, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर संगणकाचा एक छोटा खेळ तयार करायचा.

"गुरुजी, इषय फुटलाय. 'ओझं' हाय म्हणे. मला वीणा सुचली. सात दिवस खाली ठिवायची न्हाई ती. तुमी दोन दिवस येऊन बसा ना आमच्यापाशी. आजी तर घरात वीणेचं नाव बी काढू देत न्हाई."

वीस वर्षांपूर्वीच्या सप्ताहातले विणेकरी सर्जेराव, त्यांची ती नात. मी हो म्हणालो. नाही म्हणण्यास काही कारण सांगावे लागले असते.

२

वर्गात सहा संगणक होते, त्यांतले चार चालू. मागे एक लहान खोली, तिच्यात लोखंडी पलंग आणि खिडकीत कूलर. मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा. खालून ट्रक गेला की टेबलावरचे पेले किणकिणत.

मी त्यांना रीत समजावून सांगितली. सप्ताह बसला की मंडपात वीणा उभी राहते. विणेकऱ्याच्या गळ्यात दोन तास, म्हणजे एक पहारा. पहारा संपला की दुसरा येतो, विणेकऱ्याच्या पायांना हात लावतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहिल्याने ती स्वतः उतरवून ठेवायची नाही. सात दिवस, चौऱ्याऐंशी पहारे, काल्यापर्यंत, म्हणजे सप्ताहाच्या समाप्तीपर्यंत, तिचा भूमीला स्पर्श नाही.

"आणि खाली ठेवली तर काय होतं?" देवानंदने विचारले. त्याच्या घरी या गोष्टी नाहीत. प्रश्न निर्मळ होता.

"ठेवत नाहीत."

"ते बराबर. पण खेळणाऱ्याचं बोट सुटलं, वीणा पडली, तर पडद्यावर दाखवू काय?"

"वीणा जमिनीवर पडलेली दाखवायची नाही."

"मंग हरायचं कसं? हरता येत न्हाई तो खेळ कसला, गुरुजी?"

बेबीनंदा हसली. "सर, गुरुजी शाळेत बी कुणाला हरू देत नव्हते."

"देत होतो. तुला गणितात नापास केले होते."

"ते दुर्गाबाई मास्तरणीनं केल्तं. तुमी तर झोपेल होते तव्हा, खुर्चीतच."

तिघेही हसलो. मग देवानंदने तोड काढली. चार पहारेकरी, ज्याची पाळी तो मधोमध उभा, बाकीचे आपापल्या खांबाशी बसलेले. पडद्यावरचा एक पहारा म्हणजे एक मिनिट. खेळणारे दोघे. एकाने कीबोर्डवरचे लांब बटण दाबून धरायचे, म्हणजे वीणा त्याच्या गळ्यात. घंटा वाजली की दुसऱ्याने आपले बटण दाबायचे, म्हणजे त्याने घेतली; मग पहिल्याने सोडायचे.

"आणि आधीच सुटलं तर ती गळ्यातच राहील," तो म्हणाला. "दुसऱ्यानं घेतल्याबिगर उतरणारच न्हाई. तुमच्या रीतीपरमाणं. चालंल?"

"उत्तम," मी म्हणालो.

"काल्याचा देखावा उद्या करू. टाइम उरला तर."

बेबीनंदा चित्रे काढीत होती. लहान लहान चौकटी भरून माणसे होत होती: धोतर, फेटा, आणि चेहऱ्याच्या जागी एक तपकिरी ठिपका. खाली मान घालूनच तिने विचारले, "गुरुजी, आमच्या आबांनी खरंच खाली ठिवली व्हती का?"

देवानंदची बोटे थांबली.

"झाले ते झाले, बाळ," मी म्हणालो. "पांडुरंग क्षमा करतो."

ती पुन्हा चौकटी भरू लागली.

३

दुपारी माझ्या वीणेचा एक झंकार ध्वनिमुद्रित केला. फक्त एक. तोच पुन्हा पुन्हा, समान अंतराने वाजेल, असे देवानंदने केले. मग मी आतल्या खोलीत वामकुक्षी घेतली. उठलो तेव्हा खेळ हलू लागला होता.

पहिला पहारा बेबीनंदाचा, दुसरा माझा, तिसरा पुन्हा तिचा. पडद्यावरची माणसे उठत, चालत, वाकत, घेत. ज्या नामाने संत भवसागर तरून गेले त्याचे असे चिमुकले चित्र पाहून मला खरोखर गहिवरून आले. चौथी घंटा झाली. चौथा माणूस आपल्या खांबापासून उठला, दोन पावले चालला आणि आडवा झाला.

"हे काय?" देवानंद पुढे वाकला.

"झोपला," बेबीनंदा म्हणाली.

"झोपायचं मी लिहिलंच न्हाई. झोपेल माणसाचं चित्र कुठंय आपल्यापाशी?"

ती पडद्याला नाक लावून पाहत होती. "डाव्या अंगावर झोपलाय. हात बी डोळ्यांवर ठिवलाय. आगं बया, सर, हे तर गुरुजी हायेत! मघाशी आतमधी बिलकुल असेच निजले व्हते!"

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आले. देवानंद हसला. मीही हसलो.

कारण साधे होते. उभे चित्र चुकून आडवे फिरले, असे देवानंद म्हणाला. हात म्हणजे फेट्याच्याच दोन चौकटी इकडच्या तिकडे झालेल्या. मला ते पटले. आजही पटते. त्याने दुरुस्ती केली आणि चौथा माणूस सरळ खांबाशी उभा राहिला. चौथा पहारा मात्र त्या दिवशी पुन्हा खेळून पाहिला नाही. खालून चहा आला होता.

४

रविवारी सकाळी मी पूजा आटोपून पोहोचलो तेव्हा दोघे एकाच संगणकाला कान देऊन बसले होते.

"ऐका, गुरुजी," बेबीनंदा म्हणाली.

झंकार. स्तब्धता. झंकार. स्तब्धता. आणि त्या दुसऱ्या स्तब्धतेत एक कोरडा खोकला; दोनदा, आवरलेला, जसा माणूस छातीवरच्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून खोकतो.

"ट्रकचा असंल," देवानंद म्हणाला. "ब्रेकचा."

"तुमचा हाय का, गुरुजी? काल रेकॉर्डिंगला?" तिने विचारले.

"माझाच असेल," मी म्हणालो.

मला खोकला नाही. आयुष्यभर गायलेला गळा आहे, मी जपतो. पण ज्याचा तो खोकला होता त्या माणसाला वीस वर्षांपूर्वी आम्ही गोदेच्या काठी अग्नी दिला होता. यावरून एवढेच सिद्ध होते की दोन माणसांचे खोकले सारखे असू शकतात.

देवानंदने तो तुकडा कापला. झंकार पुन्हा लावला. झंकार, स्तब्धता, झंकार, स्तब्धता. आता खोकला नव्हता. पण दोन झंकारांमधले अंतर मला किंचित कमी वाटले. मी ते बोलून दाखवले नाही. मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, आणि हातात माळ असूनही मी ती ओढली नाही.

५

दीड वाजता देवानंदच्या ध्यानात आले की कोरी सीडी एकही नाही. शहागडचे दुकान रविवारी बंद. त्याने मोटारसायकल काढली. अंबडला जाऊन चारपर्यंत परत. सहाच्या बसचा चालक ओळखीचा, त्याच्या हाती खेळ औरंगाबादला जाणार होता.

"तवर तुमी दोघं एकदा पुरा खेळून घ्या," तो जिन्यावरून म्हणाला. "चौऱ्याऐंशी मिनिटं. तीन पहाऱ्यांच्या पुढं आपण गेलोच न्हाई अजून. गुरुजी, तुमचं बटण हे. घंटा झाली की दाबायचं. बस, येवढंच काम."

"आणि काला?"

"काल्याला टाइम न्हाई राह्यला. चौऱ्याऐंशी झाले की फिरून पहिल्यापासून चालू होतंय. चालतंय की, अखंडच हाय ना?"

बेबीनंदाने घरून डबा आणला होता. तिच्या आजीच्या, गिरिजाबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या. माझ्यासाठी आहेत हे आजीला न सांगता ती घेऊन आली होती. मी तीन खाल्ल्या, वर दूध घेतले. सव्वादोनला तिने लांब बटण दाबले आणि खेळ सुरू झाला. पहिला पहारा तिचा, दुसरा मी घेतला. तिसरा तिने घेतला. माझे डोळे जड झाले होते.

"मी पाच मिनिटे पाठ टेकतो," मी म्हणालो. "घंटा झाली की हाक मार."

"एकाच मिनिटाची तर गोष्ट हाय, गुरुजी. आता वाजंलच."

"हाक मार," मी म्हणालो आणि पडद्याआड गेलो.

६

कूलरची घरघर मोठी होती. डाव्या कुशीवर वळलो, हात डोळ्यांवर घेतला. तेवढ्यात वीज गेली. ती रोजच सव्वादोन-अडीचला जात असे. संगणकांना बॅटरी होती, कूलरला नव्हती. त्याची पाती मंदावत थांबली, आणि भिंतीपलीकडून झंकार स्पष्ट आला.

"गुरुजी, घंटा झाली."

मी उठणार होतो. हे मी देवासमोर सांगू शकतो. पण ती खोली, तो उकाडा, पोटातले जेवण आणि भिंतीपलीकडचा झंकार हे सर्व मी पूर्वी एकदा भोगले होते, आणि शरीराला ते आठवले.

वीस वर्षांपूर्वी, त्या सप्ताहाचा सहावा दिवस होता. बारा ते दोन सर्जेरावांचा पहारा, दोन ते चार माझा. त्यांना आदल्या दिवसापासून ताप होता. मंडपासमोरच्याच घरात मी जेवून पडलो होतो. दोन वाजले ते मला कळले. वीणेचा आवाज येत होता. मी मनाशी म्हणालो, आवाज येतोय तोवर ते उभे आहेत. त्यांना काही अडचण नाही. तीन वाजले. आवाज येत होता. मध्ये खोकला आला. हाक त्यांनी मारली नाही. मुखात नाम असताना विणेकरी दुसरे बोलत नाही. फक्त झंकार घाईने येऊ लागले. चार वाजता ते थांबले. मी गेलो. ते खांबाला टेकून बसले होते, वीणा जमिनीवर होती. मी ती उचलून गळ्यात घातली. लोक जमले तेव्हा मी जे सांगितले ते शब्दशः खरे होते: "यांनी खाली ठेवली. मी उचलली."

"गुरुजी! घंटा झाली, या ना."

झंकार. झंकार.

"गुरुजी, झोपले का? आवो, चौथा पुन्हा आडवा झालाय."

मग काही वेळाने, आवाजातले हसू गेलेले: "गुरुजी, मी बटण सोडलंय. तरी वाजून राह्यलंय."

ते योग्यच होते. देवानंदने तसेच लिहिले होते. दुसऱ्याने घेतल्याशिवाय उतरणार नाही.

मी उठून बसलो. पडद्याची कड दोन बोटे बाजूला केली. बेबीनंदा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत ताठ बसली होती. तिचे हात टेबलावर नव्हते. एक छातीशी, एक खांद्यापाशी, असे ती काहीतरी धरून होती. पलीकडे संगणकावर मंडप दिसत होता. पहिला खांब रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा रिकामा. चौथ्याशी तो आडवा पडलेला, डोळ्यांवर हात घेतलेला. मधोमध विणेकरी उभा होता.

तिन्ही खांब रिकामे होते. म्हणजे आता जो घेईल त्याच्याकडून घेणारा कोणी नव्हता. आणि काला आम्ही लिहिलाच नव्हता.

"गुरुजी," ती मागे न वळता म्हणाली, "खांदा दुखून राह्यलाय."

तेव्हा संगणकावरचा विणेकरी वळला. आधी त्या पडलेल्याकडे. मग आणखी थोडा. बाहेर, या दाराकडे. जिथे बेबीनंदाने तपकिरी ठिपका ठेवला होता तिथे आता...

मी पडदा सोडला.

पलंगावर जाऊन डाव्या कुशीवर निजलो आणि नामस्मरण सुरू केले. नाम मोठ्याने घेतले की बाहेरचे ऐकू येत नाही. ती मला 'गुरुजी', मग 'आजोबा' म्हणून, मग नुसतीच हाक मारीत राहिली. मग खोकली; दोनदा, कोरडे. त्यानंतर हाका थांबल्या. झंकार मात्र येत राहिला. आवाज येतोय तोवर ती बसली आहे, मी म्हणालो. तिला काही अडचण नाही.

७

चारला मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि झंकार बंद झाला. देवानंद जिना चढेपर्यंत मी बाहेर आलो होतो. बेबीनंदा खुर्चीतून सरकून भिंतीशी टेकली होती. डोळे उघडे. कीबोर्ड फरशीवर पडला होता. मी तो उचलून टेबलावर ठेवला.

"काय झालं?" देवानंद धावला. "बेबी! ए बेबी! गुरुजी, काय झालं हिला?"

"उकाडा," मी म्हणालो. "कीबोर्ड तिने खाली टाकला. मी उचलला."

त्याने पाणी मारले, खालून माणसे बोलावली, तिला जीपमध्ये घातले. जाता जाता त्याची नजर संगणकावर गेली. "चौऱ्याऐंशी झाले वाटतं. चौथ्याचं तुमी दाबलं व्हतं ना, गुरुजी? चालून राह्यलं ना बराबर?"

"दाबले," मी म्हणालो. "चालते."

खेळ सहाच्या बसने गेला. महिन्याभराने त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. सन्मानपत्रावर तीन नावे होती. बेबीनंदा येऊ शकली नाही. वर्गात छोटा कार्यक्रम झाला आणि मला मार्गदर्शक म्हणून शाल व श्रीफळ देण्यात आले. वीस वर्षांपूर्वीही शालच होती.

८

एकादशीला मी प्रसाद घेऊन सर्जेरावांच्या घरी गेलो. त्या घराचा उंबरा मी वीस वर्षांत ओलांडला नव्हता; गावातले कोणीच फारसे ओलांडत नसे. सप्ताहाच्या स्वयंपाकाला गिरिजाबाईंना पुन्हा कधी बोलावले गेले नाही.

बेबीनंदा भिंतीशी उभी होती. बसत नाही, असे गिरिजाबाई म्हणाल्या. निजवली तरी उठून उभी राहते. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. तिचा एक हात छातीशी आणि एक खांद्यापाशी होता. उजव्या हाताचे बोट थोडे हलत होते, थांबत होते, हलत होते. आवाज काही नव्हता. ती दाराकडे पाहत होती.

"यांचे हात बी असेच राह्यले व्हते," गिरिजाबाई चुलीशी बसून म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. "तीन दिस घरात उभे व्हते. सरणावर ठिवलं तव्हा बी खाली आले न्हाईत. तुमी व्हतेच की तिथं, गुरुजी. मोठ्यानं अभंग म्हणत व्हते."

"देवाची इच्छा," मी म्हणालो.

"देवाची?" त्या म्हणाल्या. आणि चुलीत फुंकर घातली.

मला पाहून बेबीनंदाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले. घंटा झाल्यावर विणेकऱ्याचा चेहरा सैल होतो, तसे. मी तिच्या पायांना हात लावावा म्हणून तिने एक पाऊल पुढे टाकले. मग तिने दोन्ही हात गळ्यापासून सोडवल्यासारखे वर केले, आणि त्यांच्यातले जे काही होते ते अतिशय सांभाळून, जराही न झुकवता, माझ्यापुढे धरले.

"ती काई तरी देऊन राह्यली तुमाला," गिरिजाबाई म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे पाहत होत्या. "घ्या की, गुरुजी."

खोली फार शांत होती. मला तो झंकार ऐकू आला, असे मी म्हणणार नाही.

मी हात जोडले, डोळे मिटले आणि नमस्कार केला. जोडलेल्या हातांत काही घेता येत नाही.